व्हर्लविंडचं किट: कॉकपिट डबीत ठेवा, आधी नॅसेल्स सरळ करा

तुमचा प्रश्न असा आहे: आजवर दहा-बारा प्लास्टिकची मॉडेल विमानं बांधली, सगळी हल्लीच्या साच्यांतली, भाग टक्कन बसणारी. आता वेस्टलँड व्हर्लविंडचं १:४८ मापाचं, मर्यादित उत्पादनाचं किट घेतलंय. आठवडाभर खपून कॉकपिट सजवलं आणि मग लक्षात आलं की धडाचे दोन अर्धे जुळत नाहीत, पंखांना खुंट्या नाहीत, इंजिनाची नॅसेल (पंखावरचं इंजिनाचं लांबट आवरण) नेमकी कुठे बसवायची याची खूणसुद्धा नाही. पुटी भरून पुढे जाऊ की किट माळ्यावर टाकू, असं विचारताय.

दोन्ही नको. कॉकपिट एका डबीत झाकून ठेवा आणि महिनाभर त्याच्याकडे बघू नका. तुमची चूक क्रमाची आहे, आणि ती आम्ही सगळ्यांनीच कधी ना कधी केलेली आहे. चांगल्या किटमध्ये सूचनापत्रिका कॉकपिटपासून सुरू होते, कारण विमानाची भूमिती साच्यानेच सांभाळलेली असते. अशा किटमध्ये ती कुणीच सांभाळलेली नसते, ती तुमच्या गळ्यात असते. आणि दोन इंजिनांच्या विमानात एक इंजिन जरासं तिरकं बसलं, तर आतल्या सीटबेल्टच्या बकलांकडे कुणाचं लक्षही जात नाही.

मी दोन व्हर्लविंड पूर्ण केली. त्याआधीचं एक फुकट गेलं, ते कसं ते पुढे सांगतो.

विमानाबद्दल थोडं बोलायला हवं, कारण त्याचा बांधणीशी थेट संबंध आहे. ब्रिटिश हवाई मंत्रालयाच्या एफ ३७/३५ या मागणीतून हे निघालं: चार २० मिलिमीटर तोफा असलेलं, एका वैमानिकाचं लढाऊ विमान. वेस्टलँडच्या टेडी पेटरने (पुढे कॅनबेरा आणि नॅट ही विमानंही त्याच्याच डोक्यातून आली) चारही तोफा नाकात ठेवल्या, दोन्ही बाजूंना रोल्स-रॉइसची पेरेग्रिन इंजिनं बसवली आणि रेडिएटर पंखाच्या पोटात लपवले. पहिला नमुना ११ ऑक्टोबर १९३८ रोजी उडाला. पण मर्लिन इंजिनाच्या मागणीपुढे पेरेग्रिनकडे बघायला रोल्स-रॉइसला सवड राहिली नाही आणि नमुने धरून जेमतेम ११६ विमानं तयार झाली. ती २६३ आणि १३७ या दोनच स्क्वाड्रनमध्ये लढली, आणि १९४३ संपता संपता आघाडीवरून गेली. शेवटचं उरलेलं पी ७०४८ युद्धानंतर नागरी नोंदणी घेऊन काही काळ होतं, तेही मोडीत निघालं. आज जगात एकही अख्खं व्हर्लविंड नाही.

म्हणजे संग्रहालयात जाऊन कुणाला फूटपट्टी लावता येत नाही. तुम्हालाही नाही आणि किट बनवणाऱ्यालाही नाही. त्यानेही आराखडे आणि जुने फोटो समोर ठेवूनच आकार काढलेला असतो. म्हणून पहिलं काम: १:४८ मापाचा आराखडा छापून घ्या आणि छापल्यावर तो मोजा. खऱ्या विमानाचा पंखविस्तार ४५ फूट, म्हणजे १:४८ मध्ये जवळपास २८६ मिलिमीटर. छापील कागदावर तेवढं भरलं नाही तर प्रिंटरने आकार आक्रसलाय. हे मोजायचं राहिलं की माणूस चुकीच्या कागदाप्रमाणे बरोबर प्लास्टिक घासत बसतो. आणि कागद व फोटो यांत तफावत दिसली तर फोटोवर विश्वास ठेवा.

आता या किटच्या स्वभावाकडे येऊ. मर्यादित उत्पादनाचे साचे स्वस्त पद्धतीने आणि कमी दाबावर चालतात. त्यामुळे खुंट्या-खाचा नसतात, स्प्रूला, म्हणजे भागांच्या चौकटीला, भाग जोडणारी देठं जाड असतात, कडांना फ्लॅश, म्हणजे प्लास्टिकचा जादा पापुद्रा, येतो आणि प्लास्टिक गरजेपेक्षा जाड असतं. १:४८ मध्ये एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावर ४८ मिलिमीटर, एवढं मनात ठेवलंत तर काय घासायचं आणि किती, ते आपोआप कळेल. पंखाची मागची कड मिलिमीटरभर जाड राहिली तर ते विमान नाही, दाराची फळी दिसते.

ती कड बाहेरून घासू नका, आतून घासा. काचेच्या तुकड्यावर २४० नंबरचा पॉलिश पेपर दुतर्फा टेपने चिकटवा, थोडं पाणी टाका आणि पंखाचा अर्धा भाग आतली बाजू खाली करून गोल गोल फिरवा. बोटांचा दाब मागच्या कडेवर. दर वीस-पंचवीस फेऱ्यांनी उजेडाकडे धरून बघा. प्लास्टिक किंचित पारदर्शक दिसायला लागलं की थांबा. माझा हात एकदा रेंगाळला आणि कडेला चंद्रकोरीसारखा तुकडा निघून गेला, तिथे प्लास्टिक शीट लावून पुन्हा आकार द्यावा लागला. वरचा आणि खालचा भाग सारखेच घासा. सगळं एकाच बाजूने काढलंत तर पंखाचा छेद बिघडतो.

हाच पेपर धडाच्या अर्ध्यांनाही लागतो. तुमच्या दोन अर्ध्यांत जी फट दिसतेय ती बहुधा दोन कारणांनी असेल. एक, जुळणाऱ्या कडा सपाट नाहीत. दोन, आत घातलेलं कॉकपिट रुंद आहे. दुसरं कारण जास्त शक्य आहे, कारण रेझिनचं कॉकपिट घातलं की जाड प्लास्टिकची भिंत आणि रेझिनची भिंत एकावर एक येतात. धड रिकामं ठेवून टेपने जुळवून बघा. फट गेली तर धडाच्या भिंती आतून पातळ करायच्या, कॉकपिटच्या बाहेरच्या बाजूही घासायच्या. रेझिनची पूड फुप्फुसाला वाईट असते. ओलं करून घासा, मास्क लावा, यात हयगय नको. शेवटी पाठ, बूड आणि नाक तिन्हीकडे धड दाबाशिवाय मिटलं पाहिजे. रबरबँड ताणून मिटवलेलं धड सहा महिन्यांनी रंगाखाली उकलतं, हे मी बघितलंय.

आता मुख्य गोष्ट.

व्हर्लविंडकडे समोरून बघितलं की डोळा आपोआप तीन ठिकाणी जातो: नाक आणि दोन स्पिनर (प्रोपेलरच्या मधल्या टोप्या). वरून बघितलं तर दोन नॅसेल्स आणि धड अशा तीन समांतर रेषा. मागून बघितलं तर शेपटीच्या उभ्या पंखावर उंच बसवलेला आडवा पंख. या सगळ्या रेषा एकमेकींशी बोलत असतात, त्यामुळे एक बिघडली की बाकीच्या चहाडी करतात. माझ्या पहिल्या व्हर्लविंडची डावी नॅसेल पुढच्या टोकाला मिलिमीटरभर आत वळली होती. सांधे घासले, प्रायमर मारला, रंग झाला, डेकल (पाण्याने चिकटवायची चिन्हं) लागली, कुणाला काही दिसलं नाही. प्रोपेलर लावले आणि विमान तिरळं बघायला लागलं. नॅसेल पिरगळून सरळ करायला गेलो तर पंख मुळापासून तडकला. ते किट नंतर रंगांच्या चाचण्यांना वापरलं.

म्हणून हे असं करा. ग्राफ पेपर काचेखाली ठेवा आणि त्यावर एक लांब मध्यरेषा ठळक काढा. धडाची मध्यरेषा, म्हणजे वर-खालचा सांधा, तिच्यावर आणा. पंख आधी. नुसतं कडेला कड चिकटवलेला सांधा या विमानात टिकत नाही, कारण नॅसेल्सचं सगळं वजन त्यावर येतं. धडातून आरपार जाणारी दीड-दोन मिलिमीटरची पितळी सळई घाला, दोन्ही पंखांत तिच्यासाठी भोकं पाडा. भोकं सळईपेक्षा किंचित मोठी ठेवा, कारण जागेवर हलवायला वाव लागतो. पंखांचा वर चढणारा कोन पुठ्ठ्याच्या साच्याने धरा. आराखड्यातलं समोरचं दृश्य पुठ्ठ्यावर चिकटवून कापलं की झाला साचा. त्यानंतरही दोन्ही टोकांची टेबलापासूनची उंची मोजा. आकडा आराखड्यापेक्षा अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे असला तरी चालेल, पण डावा-उजवा सारखाच हवा.

नॅसेल्ससाठी सुपरग्लू अजिबात नको. सुपरग्लू तुम्हाला विचार करायला वेळ देत नाही. अर्ध्या तासात घट्ट होणारा दोन भागांचा इपॉक्सी वापरा. प्रत्येक नॅसेलच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला नेमका मध्य पेन्सिलीने काढून घ्या. दोन्ही नॅसेल्स जागेवर टेकवा आणि चार मापं घ्या. पुढच्या दोन मध्यांमधलं अंतर आणि मागच्या दोन मध्यांमधलं अंतर. ही दोन सारखी आली तर नॅसेल्स समांतर आहेत. मग धडाच्या शेपटीच्या टोकापासून डाव्या नॅसेलच्या नाकापर्यंत आणि तिथूनच उजव्या नाकापर्यंत दोरा ताणा. ही दोन सारखी आली तर एकही नॅसेल पुढे-मागे गेलेली नाही. मापात चूक दिसली तर हलवा, पुन्हा मोजा. इपॉक्सी घट्ट होईपर्यंत मी दर पाच मिनिटांनी हे करतो. घरातले हसतात.

समोरूनही एकदा बघा. नॅसेल पंखावर कलंडलेली नको, तिची उभी रेषा धडाच्या उभ्या रेषेला समांतर हवी. यासाठी मोजमाप न करता फोन टेबलाच्या पातळीवर ठेवून फोटो काढतो आणि तो उलटा करून बघतो. सवयीमुळे जे डोळ्याला दिसत नाही ते उलट्या फोटोत टोचतं.

पुटीचा प्रश्न इथे येतो, आणि माझं मत असं की या किटमध्ये जितकी कमी पुटी, तितकं बरं. नॅसेल आणि पंखाच्या सांध्यात मिलिमीटरची फट आहे? तिथे पाव मिलिमीटरच्या प्लास्टिक शीटच्या पट्ट्या एकीवर एक घालून पातळ सिमेंटने, म्हणजे प्लास्टिक विरघळवणाऱ्या गोंदाने, विरघळवा, वाळल्यावर कापा, घासा. प्लास्टिकच्या फटीत प्लास्टिक भरलं की ते आक्रसत नाही आणि घासताना शेजारच्या भागासारखंच वागतं. ट्यूबमधली पुटी विद्रावकाची असते. आज सपाट दिसते आणि तीन आठवड्यांनी रंगाखाली खळगा पडतो. उरलेल्या केसाएवढ्या फटींना सुपरग्लूमध्ये टाल्कम पावडर मिसळून लावा. हे मिश्रण आक्रसत नाही, पण तासाभरात घासून टाका. रात्रभर ठेवलंत तर ते प्लास्टिकपेक्षा कठीण होतं आणि घासताना आजूबाजूचं प्लास्टिक खोल जातं, मधे टेंगूळ राहतं.

घासण्यात पॅनेल लाइन (पत्र्यांच्या सांध्यांच्या कोरलेल्या रेघा) गेल्या की पुन्हा कोराव्या लागतील. टेप लावून, सुईने, हलक्या हाताने पाच-सहा फेऱ्या. रुंद करू नका, ०.३ मिलिमीटरची रेघसुद्धा खऱ्या विमानावर १४ मिलिमीटरची चर होते. व्हर्लविंडच्या धडाचा मागचा भाग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूच्या पत्र्याचा, बऱ्यापैकी गुळगुळीत होता. तिथे एखादी रेघ कमी पडली तर काही बिघडत नाही.

दोन जागा अशा आहेत जिथे या विमानाची ओळख आहे आणि किट बहुधा गडबडतं. पहिली म्हणजे धड आणि नॅसेलच्या मधल्या पंखाच्या पुढच्या कडेतली रेडिएटरची तोंडं. किटमध्ये ती नुसती खाच असते किंवा आत सपाट भिंत दिसते. पंख मिटवण्याआधी आतून कोरून वर-खालच्या ओठांची कड पातळ करा, मागे फोटोएचची (रसायनाने कोरलेल्या पितळी पत्र्याची) जाळी बसवा आणि आतला भाग काळा न करता गडद करडा रंगवा. काळ्यात जाळी हरवते. पितळ वाकवायच्या आधी ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवून थंड होऊ दिलं तर ते मऊ पडतं आणि कडेने चुरगळत नाही.

दुसरी जागा शेपटी. आडवा पंख शेपटीच्या उभ्या पंखाला जिथे छेदतो तिथे एक छोटं टोकदार फुगीर आवरण आहे. किटमध्ये ते बहुधा दोन अर्ध्यांत येतं आणि जुळत नाही. तिथे पुटीऐवजी दोन भागांची इपॉक्सी माती घेऊन ओल्या ब्रशने आकार द्या. आडवा पंख चिकटवताना मागून बघा. तो मुख्य पंखाच्या दोन्ही टोकांना जोडणाऱ्या रेषेला समांतर हवा, टेबलाला नव्हे.

फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची खाली येणारी झडप, खाली दाखवायचा मोह होईल. पेटरने नॅसेलचं मागचं टोक फ्लॅपलाच जोडलं होतं, त्यामुळे फ्लॅप खाली आला की तेही खाली येतं. नुसता फ्लॅप कापून खाली लावलात तर जाणकार लगेच ओळखेल. असं किट पहिल्यांदा बांधताय, तर बंदच ठेवा. पुढच्या कडेचे स्लॅटसुद्धा (तिथल्या पुढे सरकणाऱ्या पट्ट्या) बंद. अपघातांनंतर स्क्वाड्रनमध्ये ते बांधूनच टाकले होते.

कॅनपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, पातळ पत्र्यासारखी, निर्वात पद्धतीने घडवलेली आली असेल तर आत चिकट माती भरून तिला आधार द्या आणि मग नव्या पात्याने दहा-पंधरा हलक्या फेऱ्यांत कापा. एका फेरीत कापायला गेलात तर ती तडकते. सुपरग्लू जवळपासही नको, त्याच्या वाफेने आतून पांढरं धुकं बसतं. पांढरा लाकडाचा गोंद पुरतो. तुमचं डबीतलं कॉकपिट केव्हाच आत गेलेलं असेल, त्यामुळे कॅनपी लावण्याआधी आत धूळ नाही ना, हे दोनदा बघा.

प्रायमर करड्या रंगाचा, पातळ. तो दिसण्यासाठी नसतो, तुमच्या चुका दाखवण्यासाठी असतो. मला दर वेळी तीन फेऱ्या लागतात.

रंगयोजना ठरवताना विमान आधी निवडा, मग तारीख, मग रंग. १९४० च्या उन्हाळ्यात २६३ स्क्वाड्रनला पहिली विमानं मिळाली तेव्हा वरून डार्क ग्रीन आणि डार्क अर्थ, खालून स्काय (फिकट हिरवट रंग). नोव्हेंबर १९४० अखेरीपासून पुढच्या एप्रिलपर्यंत लढाऊ विमानांचा डावा पंख खालून काळा करण्याचा आदेश होता. ऑगस्ट १९४१ नंतर मातकट तपकिरी डार्क अर्थ जाऊन ओशन ग्रे आला आणि पोट मीडियम सी ग्रे झालं. १९४२ च्या उन्हाळ्यापासून धडावरच्या गोलचिन्हाचं पिवळं कडं बारीक झालं. किटच्या डेकलमध्ये कधी कधी हे सगळं एकत्र कालवलेलं असतं; तुमच्या विमानाचा एखादा खरा फोटो सापडला तर त्यालाच चिकटून राहा. शेपटीसमोरचा स्काय पट्टा १८ इंचांचा, म्हणजे तुमच्या मॉडेलवर साडेनऊ मिलिमीटर. तो डेकलने लावू नका, मास्क करून रंगवा. गोलसर धडावर डेकलचा पट्टा हमखास तिरका होतो.

विमान शेपटीच्या चाकावर बसणारं आहे, म्हणून नाकात वजन घालायची गरज नाही. उलट रेझिन आणि पितळ भरून ते आधीच जड झालेलं असतं, आणि चाकांच्या पायांचं प्लास्टिक मऊ असतं. पाय उभे पोखरून आत स्टीलची तार घाला, नाहीतर उन्हाळ्यात ते हळूहळू फाकतात. नाकातल्या चारही तोफांच्या नळ्या पितळी नळीने बदला आणि त्या एकमेकींना समांतर आहेत का ते वरून आणि बाजूने बघा. इथेही तोच डोळा.

प्रोपेलर शेवटी. उत्पादनातल्या विमानांचे दोन्ही प्रोपेलर एकाच दिशेने फिरत. पहिल्या नमुन्यात ते उलटसुलट होते. त्यामुळे पाती आरशातल्यासारखी लावू नका, दोन्हीकडचा पीळ एकच हवा. पात्यांची पिवळी टोकं चार इंचांची, म्हणजे सुमारे दोन मिलिमीटर. आणि ते चिकटवूही नका. स्पिनरच्या मागे पितळी नळी, नॅसेलमध्ये तिच्यात जाणारी सळई, नुसतं सरकवून बसवायचं. कपाट पुसताना पहिलं जे मोडतं ते प्रोपेलरचं पातं.